विड्याच्या पानातलं काजळ

नल्लकुंटा मोहल्ल्यात मूळच्या पुण्याच्या एका बाईंकडे मी स्वयंपाक करायची आणि माझी नणंद केरफरशी. बाईंची सासू वारली तेव्हा तिचं अंथरूण-पांघरूण, उशीसकट, बाईंनी नणंदेला देऊन टाकलं. पुढे लेकीच्या लग्नासाठी कपाट उघडलं, तर सासूची मोहनमाळ नाही. त्या खोलीत जाणारं बाहेरचं माणूस एकटी नणंदच.

पोलीस आले तर व्याही काय म्हणतील, म्हणून बाईंनी डिटेक्टिव्ह बोलावला. तेव्हा अशी ऑफिसं नवीन निघत होती, केबलवर जाहिरात यायची. मिसरूड फुटलेला पोरगा, कमरेला पेजर. त्यानं कुलपं तपासली, सगळ्यांना खोदून विचारलं. काही निघालं नाही.

मग बाईंना आठवलं, मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी आले होते. अशा माणसाला काजळात हरवलेली वस्तू दिसते म्हणतात. आम्ही बौद्ध, असलं मानत नाही. मी नको म्हणाले. पण पोरगा हळूच म्हणाला, "अक्का, डरो नक्को. तुम्ही नुसतं पानात बघा. मैं सबके मुँह देखतौं."

भर दुपारी खिडक्या लावल्या. विड्याच्या पानावर तेलातलं काजळ. बघता बघता ते काळं हललं. आधी माझाच डोळा दिसला. मग एक सुरकुतलेला हात, सुई, निळ्या फुलांची उशी. त्या उशीवर नणंदेचा धाकटा झोपायचा.

"काय दिसतंय गं?" बाईंनी विचारलं.

बोलले असते तर नणंद चोर ठरली असती.

"काही नाही."

पोरगा मात्र माझंच तोंड बघत होता. जिन्यात त्यानं मला गाठलं. "नाही बोललात तर नाव तिचंच येणार, अक्का."

मी सांगितलं. तो बाईंना घेऊन नणंदेच्या घरी आला. मी मागे.

"वहिनी, तू सांगितलंस?" एवढंच ती बोलली. तिनंच उशीला ब्लेड लावलं आणि थबकली. शिवण दोऱ्याची नव्हती. लांब पांढऱ्या केसांची होती, बारीक टाक्यांची. आत कापसात मोहनमाळ.

पोरानं एक केस उजेडात धरला. "मॅडम, ये किसके?"

बाईंनी शिवणीवरून बोट फिरवलं. "सासूबाईंचे."

दुसऱ्या दिवशी नणंद कामावर आली. बाईंनी तिला चहा दिला. पण तेव्हापासून ती माझ्याकडे बघून बोलत नाही. एकदा मीच धीर करून विचारलं.

"वहिनी," ती भिंतीकडे बघत म्हणाली, "तुला माझं अजून काय काय दिसतं?"