गरसोळीची दोरी

ये वं बाई, अशी जवळ बस. पाहुण्यासारखी दूर काहून बसतं? अन् आधी तो पदर गळ्यावरून काढ. सख्ख्या मावशीपुढं कायचं झाकणं?

तुले तुझी माय आठवत नाही, रांगत होती तू तवा. विलायतेच्या मागणीनं वऱ्हाडच्या कापसाले सोन्याचा भाव आला, ते दिवस. घरोघरी बायकांचे गळे भरले. संक्रांतीले तुझ्या बापानं अमरावतीहून तिच्यासाठी गरसोळी आणली, काळ्या मण्यांत सोन्याचे मणी, गळ्याले चिकटून बसणारी. थोड्याच दिवसांत ती आवळाले लागली. सासू कौतुकानं म्हणे, सुनेच्या अंगी बरकत लागली. मणी ओवणाऱ्या पटवेकऱ्यानं दोरी वाढवून दिली. होळीले पुन्हा वाढवली, पाडव्याले पुन्हा. आमी त्यालेच नावं ठेवत राहिलो, की तुझी दोरीच आखडते. तिचा आवाज बसला, तं म्हटलं कापूस लोढून रुई गेली घशात.

अकोल्याच्या म्हाताऱ्या हकीमांनी नाडी नाही धरली. तिले पाण्याचा घोट घ्यायले लावला अन् गळ्याकडं पाहत राहिले. साधी गाठ घोटासंगं वर-खाली होते म्हणाले, ही जागची हालून नाही राहिली. मंग इचारलं, "ये डोरी कितनी बार बढाई?" आमी बोटावर मोजलं, तीनदा.

लेप झाले, कांचनाराच्या सालीचा काढा झाला. अमरावतीच्या कंपातल्या गोऱ्या डाक्तरनं गळा चाचपला. गाठीनं श्वासाची नळी धरली, चाकू लावला तं जागीच जाईल, म्हणाला. घरी मले बसवेना, उभं राहवेना. उंबऱ्यातून आत, आतून बाहेर.

तिले श्वास पुरेना. गरसोळी तोडा, असं हकीमांनी बजावलं होतं. पण नवरा असताना ती कोण तोडणार? सासूनं हात मागं घेतला, मीबी घेतला. तवा तुझा बाप पुढं आला. "मी जिता हावो ना? मंग मीच तोडतो."

मणी भुईवर सांडले. तिनं श्वास ओढला अन् घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सासूबाईले सांगा, बरकत उतरली."

मिरगाच्या आत गेली ती.

अन् तू आज गळ्यातल्या गरसोळीले नवी दोरी घालून आली. घे हा पाण्याचा गडू, घोट घे. अजून एक. हालली, हालली तुझी गाठ, पाहिलं मी. तरी जीव थाऱ्यावर नाही माहा. सासरी जाशील तं जाय, पण लवकर ये परतून. दोरी वाढवाची झाली, तं पटवेकऱ्याच्या आधी माह्याकडं ये.