सागरची शेवटची ज्युनिअर शर्यत

पळताना माणसाला बोलता येत नाही. त्यामुळे सगळं बोलणं पोटात साठतं आणि नंतर हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर भडाभडा बाहेर पडतं. वरवे बुद्रुकच्या मैदानावर आमचं मंडळ गेली कित्येक वर्षं सकाळी पळतंय. मी शाळेत पी.टी. शिकवायचो, आता रिटायर झालोय, तरी टायमिंगची वही अजून माझ्याकडेच असते. त्यातली टायमिंग्ज कुणीही विचारत नाही. समासात मी काय काय खरडलंय ते मात्र दर रविवारी वाचून दाखवायला लावतात.

त्या समासात सगळ्यात जास्त जागा सागरने खाल्ली आहे. सागर पासलीचा. तिकडे डोंगरात भातशेती. शिकायला म्हणून वरव्यात आत्याकडे राहायला आला आणि आमच्या तावडीत सापडला.

*

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते तालुक्याच्या क्रॉस कंट्रीत. क्रॉस कंट्री म्हणजे ट्रॅक नाही, माळ, ओढा, चढ, जे येईल त्यातून पळायचं. त्या वर्षी रस्ता एका शेतातून काढला होता. हरभरा नुकताच उगवला होता, पण शेताच्या मालकाने आपणहून परवानगी दिली होती आणि आम्ही मधून चुन्याची फक्की मारून ठेवली होती.

सगळी पोरं त्या फक्कीवरून सरळ गेली. एक पोरगा शेतापाशी आला, वळला आणि बांधाबांधाने तीन बाजूंनी वळसा घालून पुन्हा रस्त्याला लागला. हे त्याने दोन्ही फेऱ्यांना केलं. तरीसुद्धा अकरावा आला.

मी त्याला बाजूला घेऊन झापलं. आखलेला रस्ता सोडला म्हणून तुला बादसुद्धा करता आलं असतं, म्हणालो. तो खाली बघत म्हणाला, "पेरल्यालं हाय सर. त्यातनं कसं जायाचं?"

शेताचा मालक शेजारीच उभा होता. अरे बाबा, मीच परवानगी दिली आहे, असं त्याने दोनदा सांगितलं. सागरने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर तो मालक बराच वेळ आपल्या शेताकडे बघत उभा राहिला. पुढच्या वर्षी त्याने परवानगी दिली नाही.

*

सागर मैदानावर यायला लागल्यावर एक दिवस त्याचे वडील बघायला आले. बबनदादा. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. पासलीहून एसटीने आले होते. मी त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी पिशवी ठेवायला वापरली आणि स्वतः उभे राहिले.

सागरने मैदानाला पंचवीस फेऱ्या मारल्या. दादांनी सगळ्या पाहिल्या, एकही चुकवली नाही. शेवटची फेरी संपवून पोरगा आमच्यासमोर येऊन गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. दादांनी मला अगदी मनापासून विचारलं, "गुर्जी, हितनं निघून हितंच यायचं, तर ह्यो गेलाच कशाला?"

तीस वर्षं मी हाच विषय शिकवला. त्या दिवशी मी तो प्रश्न वहीच्या समासात लिहून घेतला. 

*

आमच्या मंडळात गायकवाड आहेत. एसटीत कंडक्टर. ड्युटी नसेल त्या दिवशी स्टॉपवॉच त्यांच्या हातात. त्यांना एक सवय आहे, निघताना मोजलेली डोकी परत येताना जुळल्याशिवाय ते कुणालाही घरी सोडत नाहीत.

एका रविवारी डोंगरावर पळायचं होतं. वर खिंडीपर्यंत जायचं आणि उतरायचं. सगळे आले, एक डोकं कमी. सागर. जो नेहमी पहिला असतो तोच नाही. पाय मुरगळला असेल, घसरला असेल, नाही नाही ते डोक्यात यायला लागलं.

अर्ध्या तासाने पायवाटेवर गवताचा एक मोठा भारा दिसला. भाऱ्याखाली सागर होता. शेजारून एक म्हातारी रिकाम्या हाताने चालत होती आणि नीट चाल, गवत सांडतंय, म्हणून त्याच्यावर ओरडत होती. झालं होतं असं, की म्हातारीने भारा डोक्यावर चढवायला जरा हात लाव म्हणून त्याला थांबवलं. आमच्याकडे भाऱ्याला हात लाव म्हटल्यावर हात लावल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. याने हात लावला, वजन बघितलं आणि भारा आपल्याच डोक्यावर घेतला.

गायकवाडांनी घड्याळ बंद केलं. माझ्या हातातून वही घेतली आणि सागरच्या नावापुढे स्वतः लिहिलं: एक तास अठरा मिनिटं, लगेजसह.

*

आता जरा वेगळं सांगतो.

मागच्या वर्षी सागर देशपातळीच्या ज्युनिअर शर्यतीपर्यंत पोचला. शेवटच्या फेरीत पहिल्या दहांत होता. आणि अचानक रस्ता सोडून कडेला गेला आणि झाडाखाली बसला. पाय दुखत नव्हता, श्वास लागला नव्हता. काय झालं विचारलं तर म्हणाला, कळलं नाही. तिथून परस्पर पासलीला गेला आणि चार महिने मैदानावर फिरकला नाही. फोन घ्यायचा नाही. मंडळात कुणी त्याचं नाव काढलं की चहा लवकर संपायचा.

शेवटी मी पासलीला गेलो. एसटीत बसून भाषण तयार केलं होतं, जिद्द, देश, आई-वडील, सगळं होतं त्यात. पण दिवस लावणीचे. पासलीत लावणीच्या दिवसांत पाहुणा आला तर त्याला आधी खाचरात उतरवतात, चहापाणी नंतर. कुणीतरी माझ्या हातात रोपांची जुडी दिली. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दिवसभर वाकून भात लावलं. सागर दोन हात अंतरावर लावत होता. माझी ओळ इतकी वाकडी गेली की त्याच्या आईने हसत हसत ती माझ्यासमोरच उपटून पुन्हा लावली.

संध्याकाळी मला सरळ उभं राहता येईना. भाषण कुठल्या कुठे गेलं होतं. सागर मला एसटीपर्यंत सोडायला आला. गाडी दिसल्यावर म्हणाला, "सोमवारी येतो सर." आणि थोडं थांबून, "पर आता पुन्हा शर्यत सोडली, तर म्या परत न्हाई पळणार."

तो असं बोलतो तेव्हा खरंच तसं करतो, हे मला माहीत होतं.

*

सोमवारी आला, आणि सहा महिन्यांत भारताच्या ज्युनिअर संघात निवडला गेला. परदेशातली मोठी शर्यत. पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हता, म्हणजे ज्युनिअर म्हणून ही शेवटची.

पासपोर्टचा अर्ज केला. चौकशीला एक हवालदार वर्दीतच मोटारसायकलवरून पासलीत गेले. पारावर एक म्हातारबाबा बसले होते, त्यांना विचारलं, सागर बबन हितंच राहतो का? बाबा म्हणाले, असा कुणी न्हाई. पुढच्या घरी विचारलं. न्हाई. तिसऱ्या घरी तर दारच लावून घेतलं. पोलीस पोराचं नाव घेत आलाय म्हणजे पोरानं काहीतरी केलंय, आणि आपल्या पोराला आपण सांभाळायचं, असं सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं. हवालदारांनी जे ऐकलं तेच लिहून दिलं: सदर इसम येथे राहत नाही.

हे कळल्यावर गावाने कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून वीसएक माणसं पोलीस ठाण्यात हजर, पोरगा आमचाच आहे हे सांगायला. हवालदार भला माणूस. त्यांनी म्हातारबाबांना ओळखलं आणि विचारलं, बाबा, काल तर तुम्ही याला ओळखतच नव्हता.

बाबा शांतपणे म्हणाले, "काल तुमी कशापायी इचारताय ते सांगितलं न्हवतं."

*

शर्यतीच्या आदल्या दिवशी सागरचा फोन आला. थंडी लई हाय, म्हणाला. रस्त्यात एका खोलगट जागी नुसता चिखल आहे, मी अनवाणी पळू का? मी म्हटलं, अजिबात नाही. खिळ्यांचे बूट घालायचे, लेस आवळून बांधायची, परक्या मुलखात आगाऊपणा नको. तो बरं म्हणाला.

मी, गायकवाड आणि मंडळातले चार-पाच जण पासलीला गेलो. आपल्याकडे दुपार होती. गावात नेटवर्क फक्त शाळेच्या कुंपणापाशी येतं, म्हणून गायकवाडांचा मोबाईल कुंपणाच्या भिंतीवर टेकवून ठेवला आणि आम्ही सगळे त्यापुढे उभे राहिलो. बबनदादा शेतातून तसेच आले आणि मागे उभे राहिले. मी त्यांना समजावून सांगितलं, की प्रत्येक देशाचे सहा जण पळतात आणि पहिल्या चौघांचे नंबर संघाला धरतात. पदकाची आशा मला नव्हती. पोरगा शेवटपर्यंत पळतो का, एवढंच मला बघायचं होतं. तसं मी कुणाला बोललो नाही, पण तिथे उभा असलेला प्रत्येक जण तेच बघत होता.

कॅमेरा पुढच्या पोरांवर. आपला मुलगा दिसायचा तो फक्त त्या चिखलाच्या खळग्यात, कारण तिथे एक कॅमेरा लावलेला होता. पहिल्या फेरीत सागर मधल्या घोळक्यात होता. दुसऱ्या फेरीत तसाच. तिसऱ्या फेरीत आला तेव्हा त्याच्या एका पायात बूट नव्हता. चिखलाने ओढून घेतला होता. एका पायात खिळे आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा, असा तो लंगडत चढ चढला आणि एकेक पोरगा त्याला मागे टाकत गेला.

शेवटच्या फेरीत तो खळग्याच्या कडेला आला, थांबला आणि खाली बसला.

गायकवाडांनी डोक्यावरची टोपी काढली. माझ्या तोंडून निघालं, "संपलं."

मागून बबनदादा म्हणाले, "बूट काढतोय."

मी म्हटलं, दादा, तो बसलाय.

"बूट काढतोय त्यो. थांबा जरा."

तेवढ्यात कॅमेरा तिकडून हलला आणि पुढची पोरं शेवटच्या सरळ रस्त्याला लागलेली दाखवायला लागला. पहिला आला, दुसरा आला, झेंडे हलले. आम्हाला त्यातलं काही दिसत नव्हतं. पुन्हा खळगा दाखवला तेव्हा तिथे कुणीच बसलेलं नव्हतं.

मग शेवटच्या रस्त्यावर तो दिसला. दोन्ही पाय उघडे, पोटरीपर्यंत चिखल. पळत होता, चांगला पळत होता. गायकवाड बसमधली माणसं मोजावी तशी त्याने मागे टाकलेली पोरं मोठ्याने मोजत होते, सात, आठ, नऊ. रेषा ओलांडली तेव्हा आपल्या सहांत तो चौथा होता. त्याचा नंबर संघाला धरला गेला. मी कुंपणाला धरून रडलो, हे मंडळात सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

तासाभराने त्याचा फोन आला. मी स्पीकर चालू केला, सगळे जवळ आले. शाबास वगैरे झालं. मग तो म्हणाला, "सर, एक खरं सांगू का? म्या बसलो ते सोडायलाच बसलो व्हतो."

 

बबनदादा पुढे झाले आणि मोबाईलवर वाकले.

"काय सांगतो रं. बूट काढाया बसला व्हतास तू. म्या बघितलं हितनं."