गुळव्या मामा आणि बर्फाखालचा डोंगर

बोटं आधी थंड पाण्यात, मग थेट उकळत्या पाकात, लगेच पुन्हा पाण्यात. चिमटीतली गोळी दाबून मामा म्हणायचे, "थांबा, पाक अजून बोलंना." माजलगावकडचं एखादं गुऱ्हाळ तुम्ही पाहिलं असेल, तर असा गुळव्याही पाहिला असेल. पाक बोलल्याशिवाय, म्हणजे गोळी हवी तशी घट्ट झाल्याशिवाय, मामा कढई उतरवत नसत.

माझे वडील तिथे चरकात ऊस घालायचे. मी डबा घेऊन जायची. घरातली पहिली पदवीधर झाले, तेव्हा मामांनी मला वाटीभर काकवी पाजली होती. पण शिक्षिकेच्या नोकरीसाठी घेतलेला नमुना पाठ साफ फसला. "पाठांतर चांगलं आहे, डोळ्यांपुढे मात्र काही येत नाही," असं परीक्षक म्हणाले. आता दुसऱ्या शाळेत तोच विषय घ्यायचा होता: बर्फाखालचे ज्वालामुखी. त्याची उजळणी करत मी एक दिवस कढईपाशी मामांजवळ बसले.

"बर्फाखाली जाळ? कावून फसवती माय म्हाताऱ्याला?"

मी सांगू लागले. जमिनीच्या पोटातला वितळलेला खडक वर येतो. वर बर्फाचा जाड थर. त्याचा तळ वितळून पाणी साचतं. त्या पाण्यात लाव्ह्याची साल क्षणात घट्ट होते, आत मऊच. असे उशीसारखे गोळे एकावर एक रचले जातात.

"ही आपली गोळीच की! मग वाफ हून फुटत कशी न्हाई?"

"बर्फाचं, पाण्याचं ओझं दाबून धरतं. डोंगर वाढत वर आला, ओझं घटलं, की स्फोट होतात. लाव्ह्याचा काचेसारखा चुरा उडतो."

"आन बर्फ वितळल्यावर?"

"डोंगर उघडा पडतो. लाव्हा बर्फाच्याही वर येऊन पसरला असेल, तर माथा सपाट."

तेवढ्यात वडील ओरडले, "मामा, कढई!"

पाक करपला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मालक धावत आले. "ध्यान कुठं व्हतं, मामा?"

"माझं चुकलं. पोरीला बोलू नका."

मी कानकोंडी झाले. मामांनी पळीभर पाक पाण्यात ओतला. तो तडतडला आणि काळ्या काचेसारखा झाला. फडक्यात बांधून त्यांनी माझ्या हातात दिला. "ने. ह्यो तुझा दगड."

पाठाच्या दिवशी तो तुकडा मी टेबलावर ठेवला, पुस्तक मिटलं आणि गुऱ्हाळातल्या पाकापासून सांगायला लागले. मला नोकरी मिळाली.

पुढच्या हंगामात पेढे घेऊन गेले, तर कढईपाशी दुसरंच कुणी होतं. मामा पावसाळ्यात आपल्या गावी वारले होते; मला ते तिथेच कळलं.

"म्हातारा आल्यागेल्याला सांगायचा, बर्फाखाली डोंगर तयार होतो म्हणून," मालक म्हणाले. "आमी लई हसायचो."

"खरं आहे ते."

त्यांनी वाळल्या चिपाडांचा भारा माझ्यापुढे सरकवला. "मग बसा, मॅडम. आमाला बी सांगा."

पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवून मी सुरुवात केली.