बैलाला दिलेलं आवतण

तुपात कालवलेल्या हळदीचा वास आला की मला परभणीतला जनावरांचा दवाखाना आठवतो. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होते मी. पोळ्याच्या आदल्या दिवशी पाथरीकडच्या एका शेतकऱ्याचा बैल शिंगाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन आमच्या गोठ्यात बांधलेला होता. संध्याकाळी तो शेतकरी वाटीत हळद-तूप घेऊन आला आणि फिनेलचा वास मारणाऱ्या त्या गोठ्यात बैलाचे खांदे मळू लागला. जुवाखाली निबर झालेली कातडी त्याच्या तळव्याखाली हळूहळू मऊ पडत होती आणि बैल डोळे मिटून उभा होता. खांदे मळून झाले की बैलाला ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असं म्हणतात. ते म्हणायच्या आधी तो थांबला. “म्याडम, उद्या ह्याला पुरणपोळी चालंल का?” मी नाही म्हणाले, टाके ताजे होते, त्यात गोडानं पोट फुगलं असतं. तो वाटी पुसत राहिला. “मग आवतण कसं देऊ? जेवायला बोलावून कडबा टाकला, तर परत कोन्या तोंडानं औताला जुपू?” मी आमच्या सरांकडे जाऊन विचारून आले आणि म्हणाले, “एक घास चालेल.” तेव्हा कुठे तो बैलाच्या कानाशी वाकला. दुसऱ्या दिवशी तो एक घास घेऊन अख्खं घर नव्या कपड्यांत जीपनं आलं. आता पोळा झाला की माझ्या दवाखान्यात पोट फुगलेले बैल येतात. मी औषध पाजते, रागावतेही. पण एवढं का खाऊ घातलं, हे विचारत नाही.