साडेपाच फुटांची चौकट

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. देवळाली कॅम्पला माझं प्लायवूडचं दुकान आहे, दिवसभर टेप हातात असतो. म्हणून आधी मापच सांगतो... दिंडोरीजवळ आमच्या मळ्यातल्या घराची चौकट साडेपाच फूट उंच. थोरला दादा पाच फूट दोन, मी पाच फूट तीन.

घर पणजोबांनी बांधलेलं. काळ्या दगडाचं जोतं, हातभर जाड मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. सागवानी चौकट मुद्दाम बुटकी ठेवलेली, येणाऱ्यानं वाकून यावं म्हणून. आम्हा भावांना कधी वाकावं लागलं नाही. वाकायची ती आत्या. चांगली पाच फूट आठ. नवऱ्यानं टाकल्यापासून चाळीस वर्षं तिनंच ते घर सारवलं, राखलं.

दादाला तिथं फार्म-स्टे काढायचा होता आणि आत्या घर सोडेना. मग रामाच्या दर्शनाला म्हणून तिला पंचवटीत नेलं आणि एका आश्रमात सोडलं. ती रडली नाही.

"लय शहाणे झाले रे," एवढंच म्हणाली. "आता त्या दारातून ताठ मानेनं जाऊन दाखवा."

दुसऱ्याच दिवशी आत शिरताना दादाचं कपाळ वरच्या गणेशपट्टीवर आपटलं. तीन टाके. आठवड्यानं पुन्हा तिथंच. टेप लावला — साडेपाच फूट. गवंडी, सुतार बिनधास्त ये-जा करत होते. तिसऱ्यांदा दादा चक्क वाकून गेला, तरी लागलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. भोग आता, असं मनात म्हटलं.

शेवटी चौकटच काढायला दादानं मला पाठवलं. मी नेहमीसारखा ताठ आत निघालो... आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. रक्त पुसत उंबऱ्यावर बसलो. पंचवटीला गाडी मीच चालवली होती. तिची पिशवीही मीच उतरवली होती.

तसाच उठलो आणि आत्याला घेऊन आलो. दादा अंगणात उभा होता, कपाळाला पट्टी. आत्या सवयीनं वाकेल असं वाटलं. वाकली नाही. ताठ आत गेली, डोक्यावरचा पदरसुद्धा लाकडाला लागला नाही. मी पुन्हा टेप लावला — साडेपाच फूट.

"या की," ती आतून म्हणाली. "पण वाकून."

फार्म-स्टेचं नाव दादा आता काढत नाही. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. आम्ही दोघं गुडघ्यांवर हात टेकून त्या दारातून जातो. तरी कधीकधी लागतं. आत्या चुलीपाशी बसून बघत असते, हळद मात्र देत नाही.