प्रश्नपत्रिका आणि मागचे दार

आमच्या मुद्रणालयात अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत. बावीस वर्षांत त्यांच्या हातून वेलांटी चुकल्याचे मला, म्हणजे तेथील मुद्रितशोधकाला, क्वचितच आढळले. परीक्षा मंडळाच्या गोपनीय प्रश्नपत्रिका म्हणूनच त्यांच्याकडे सोपवलेल्या असत.

यंदाचा मजकूर मंडळाने निराळ्या फाँटमध्ये पाठवला. पडद्यावर तो उघडताच अक्षरांच्या जागी नुसती चौकटी-फुल्यांची रांग उमटली. काकूंनी शनिवारी फाँट बदलून देणारा एक फुकटचा प्रोग्रॅम इंटरनेटवरून उतरवला. विषाणूरोधकाने, म्हणजे अँटिव्हायरसने, तत्काळ धोक्याची सूचना दिली. आमच्या धंद्यात असल्या फुकटच्या प्रोग्रॅमवर तो ओरडतोच, आणि त्याचे तोंड बंद करून काम पुढे रेटण्याची रीतच पडून गेली आहे. काकूंनी तो बंद केला. पुन्हा सुरू करायचे राहून गेले. मंगळवारी प्रश्नपत्रिका जुळवून झाली.

गुरुवारी दुपारी मी मुद्रिते घ्यायला गेलो, तेव्हा काकू हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. पडद्यावर काहीही उघडे नव्हते; राउटरचा दिवा मात्र अखंड लुकलुकत होता.

"मी काहीच करत नाहीये," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मग हे कोण करतंय?"

मुद्रणालयाचे संगणक त्यांचे धाकटे दीरच दुरुस्त करीत. ते अर्ध्या तासात आले.

"वहिनी, आधी इंटरनेटची वायर काढा."

"काढली की ते मरेल?"

"मरणार नाही. बाहेरच्याशी बोलणं तेवढं थांबेल."

शनिवारची हकिगत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "फुकट ते पौष्टिक, नाही का? अहो, तुमचा प्रोग्रॅम खराच होता, पण त्याच्या पोटात दुसरा दडलेला होता. पहिला तुमचं काम करत बसला, तोवर दुसऱ्यानं मागचं दार उघडून ठेवलं. आता लांब कुठेतरी बसलेला माणूस तुमच्या खुर्चीत बसल्यासारखा फाइली बघू शकतो, उचलू शकतो."

"पण मला काहीच दिसलं नाही, भावजी."

"चोर काय घंटा वाजवून येतो?"

त्यांनी स्वतःजवळच्या स्वच्छ पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला, म्हणजे आत दडलेल्याला जाग येऊ नये. मग संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी तपासली. प्रिंटरचे वाटावे अशा साळसूद नावाचा एक त्यात निघाला, तारीख शनिवारची. तपासणीत आणखी दोन सापडले.

"तीन सापडले म्हणजे तीनच होते असं नाही," ते म्हणाले. "खात्रीचा उपाय एकच. मजकुराच्या फाइली तेवढ्या बाजूला काढायच्या, डिस्क कोरी करायची आणि सगळं मूळ प्रतीवरून नव्यानं टाकायचं. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. यावरून बदललेत, तर नवेही त्याच्याच हाती."

"प्रश्नपत्रिका गेली का?"

"मंगळवारनंतर बरंच काही बाहेर गेलंय, राउटरच्या नोंदीत दिसतंय. त्यात ती होती का, हे सांगता येत नाही."

परीक्षा सोमवारी होती.

"पुसू?" दिरांनी विचारले.

"पुसल्यावर शनिवारचंही जाईल?"

"सगळंच जाईल. कोणाला काही कळायचं नाही." त्यांनी ते मायेनेच म्हटले. मीही गप्प राहिलो. हे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

काकूंनी दिरांचा हात धरला. "थांबा, भावजी. मालकांना बोलवा."

मालक आले. काकूंनी उभ्यानेच सर्व सांगितले. विषाणूरोधक आपणच बंद केला, हेही.

"सोमवारी परीक्षा आहे, काकू," मालक म्हणाले.

"म्हणून तर आज सांगतेय."

मालकांनी मंडळाचा क्रमांक फिरवला आणि रिसीव्हर काकूंच्या हाती दिला. "तुम्हीच सांगा."

मंडळाने ती प्रश्नपत्रिका रद्द करून दुसरी काढली, आणि ती दुसऱ्या मुद्रणालयाला दिली. जुनी डिस्क मोहोरबंद करून नेली. काकूंकडे आता माहितीपत्रके असतात, गोपनीय काम नाही. त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलेले नाही. मात्र त्या दारातून कोण आले होते आणि काय घेऊन गेले, हे अखेरपर्यंत कळले नाही. त्यांना धास्ती आहे ती त्याचीच.