अनंतकाकांच्या यादीतलं शेवटचं नाव

मला मत द्यायला शिकवलं ते इथल्या, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या अनंतकाकांनी, हे आधी लिहिते, बाकीचं मागून. सप्टेंबरात एका सकाळी त्यांच्या सुनेचा, मेधाताईंचा फोन आला. "फिलोमिना, बाबा गेले गं... चहा घेता घेता." माझे हात कणकेत होते, तसेच राहिले. मी वसईची, सातवीत शाळा सुटलेली. नवऱ्यामागे इथे आले आणि घरोघरी पोळ्या करू लागले. त्यामुळे लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या.

२००४ साली मी नुकती इथली नागरिक झाले होते. शाळांच्या बोर्डासाठी एक भारतीय गृहस्थ उभे होते, आणि आपली मतं आपल्या माणसाला मिळावीत म्हणून इथल्या महाराष्ट्र मंडळाने काकांना फोन करायला बसवलं होतं. यादी मंडळाच्या निखिलने आडनावं बघून केलेली. मी त्यांच्याकडे पोळ्या लाटत ऐकत होते... जोशी झाले, कुलकर्णी झाले, शिंदे झाले. शेवटी धीर करून विचारलं, "काका, माझं नाव कितवं?" काकांनी यादी दोनदा पाहिली आणि निखिललाच स्पीकरवर फोन लावला.

"अरे, परेरा कुठे आहेत?"

"काका, ते लॅटिनो असतील ना. मी स्किप केले."

"ती वसईची बाई माझ्यासमोर पोळ्या लाटतेय."

"ओह, सॉरी... पण ख्रिश्चन लोक चर्चचं ऐकूनच व्होट करतात, काका. टाइम वेस्ट आहे."

"गणपतीत तिच्या चार पुरणपोळ्या खाल्ल्यास, तेव्हा चर्चला विचारलं होतंस?"

मला हसू आलं, पण निखिलचं अगदीच चूक नव्हतं. परेरा म्हणजे लॅटिनोच असं समजून घरी स्पॅनिशमध्ये प्रचाराचे फोन येत, ते मला कळत नसत. चर्चबाहेर कोणीतरी गाडीच्या काचेवर कागद अडकवून गेलं होतं, चांगल्या कॅथलिकाने कोणाला मत द्यावं त्याचा. नवरा म्हणायचा, त्याप्रमाणे खुणा कर आणि मोकळी हो. मला मात्र झोप लागेना. पहिलंच मत, चर्चच्या कागदाबाहेर गेले तर पाप, काकांच्या माणसाला नाही दिलं तर कृतघ्नपणा. आणि इंग्रजी तर वाचता येईना. म्हटलं, "काका, तुम्हीच सांगा ना."

"मी सांगितलं तर ते माझंच दुसरं मत होईल," ते म्हणाले. "बस इथे."

मग तीन दुपारी जेवणाच्या टेबलाशी, भिंग धरून, निवडणुकीची सरकारी पुस्तिका त्यांनी मला मराठीत वाचून दाखवली. ज्यांच्यासाठी ते फोन करत होते त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या बाईंचंही. आवाज जराही बदलत नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसे, काही कळतंय का. छे. एकदाच म्हणाले, "मी नावावरून ठरवून मोकळा झालो होतो. हे आत्ता तुझ्यामुळे वाचतोय. तू तसं करू नकोस."

मतदान, इथे असतं तसं, आमच्या गल्लीतल्या एका घराच्या गॅरेजमध्ये होतं. काका माझी पर्स धरून बाहेर उभे राहिले. मी ना चर्चच्या कागदासारखं सगळं केलं, ना मंडळासारखं. कोणाला दिलं ते त्यांनी विचारलं नाही. परतताना एवढंच म्हणाले, "वेळ लावलास. चांगलं केलंस."

या वर्षीची पुस्तिका काका गेल्यावर आली. मेधाताईंनी मला त्यांचं भिंग दिलं आणि ती जुनी यादी. निखिलच्या टाइप केलेल्या नावांखाली काकांनी निळ्या शाईने भर घातली होती... सोलापूरचे शेख, मग डिसोझा, आणि सगळ्यात शेवटी परेरा. मी आता डिक्शनरी घेऊन रोज एक पान वाचते. अर्धं कळतं. वरच्या मजल्यावरची अफगाण झरमीना यंदा नागरिक झाली आहे. परवा तिने तिची पुस्तिका माझ्यापुढे ठेवली आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "तुम बताओ, किसको?"

मी तिला बसवलं. एक पान वाचलं, अडखळत, आणि एका बाजूचं वाचताना माझा आवाज चढलाच, मलाच ऐकू आला. काका, अजून मला ते जमत नाही. पण एक दिवस सबंध पुस्तिका, दोन्ही बाजू, तुमच्यासारख्या एका आवाजात कोणाला तरी वाचून दाखवीन. तुमचं फेडायचं आहे मला, ते तसंच फेडीन.